वांकेल इंजिनावरील गुंतवणूकदारांचा वाद

पश्चिम जर्मनीतील नेकार्झुल्म येथील एनएसयू कंपनीच्या चक्रीय इंजिनाचे भवितव्य आणि त्याच्या परवान्यांचे उत्पन्न यांवरून भागधारकांत व शेअर बाजारात १९५९ ते १९७४ या काळात चाललेला वाद.

फेलिक्स वांकेल (१९०२–१९८८) यांच्या कल्पनेवरचे पहिले इंजिन १ फेब्रुवारी १९५७ रोजी एनएसयूत चालले. पुढच्या वर्षी हान्स डीटर पाश्के यांनी त्याचे कवच स्थिर करून रचना सोपी केली. यात वरखाली होणारा दट्ट्या नाही, झडपाही नाहीत. कंबरेशी किंचित दबलेल्या पोकळीत त्रिकोणी रोटर फिरतो. इंजिन लहान, हलके आणि जवळजवळ थरथररहित. अमेरिकेतील कर्टिस-राइट कंपनीने १९५८ मध्येच परवाना घेतला; १९५९ अखेरीस इंजिन जाहीर होताच एनएसयूचे शेअर उसळले.

शंकेखोरांचा आक्षेप रोटरच्या तीन टोकांवरील सीलपट्ट्यांवर होता. त्या झिजल्या की दाब गळतो, कवचाच्या भिंतीवर चरे पडतात. शिवाय ज्वलनकक्ष लांबट व चपटा असल्याने काही इंधन न जळताच बाहेर पडते. १९६७ मध्ये आलेल्या आरओ ८० मोटारीने हा आक्षेप खरा ठरवला. ती १९६८ ची युरोपातील सर्वोत्तम मोटार ठरली, पण हमीच्या मुदतीत इंजिने बदलून देता देता कंपनी खंगली. बाजार मात्र नव्या परवानाधारकांची नावे पाहून भाव ठरवत राहिला. या वादातील मोठी चूक तीच.

१९६९ मध्ये फोक्सवागेनने एनएसयूचे आपल्या ऑटो युनियनशी विलीनीकरण घडवले, तेव्हा छोट्या भागधारकांनी वेगळा प्रश्न विचारला. कारखाना तोट्यात असला तरी रॉयल्टी कारखान्यावर अवलंबून नाही. मग ती नव्या कंपनीच्या मोठ्या भांडवलात का विरघळू द्यायची? हा मुद्दा रास्त होता आणि त्यांनी तो पदरात पाडून घेतला: परवान्यांच्या उत्पन्नात वाटा देणारी स्वतंत्र हिस्सापत्रे त्यांना मिळाली.

नोव्हेंबर १९७० मध्ये जनरल मोटर्सने ५ कोटी डॉलरला परवाना घेतला. अमेरिकेच्या नव्या प्रदूषण कायद्यामुळे, नायट्रोजन ऑक्साइडे कमी सोडणारे हे आटोपशीर इंजिन सोयीचे वाटत होते. १९७१ मध्ये ब्रिटनच्या लॉनरो कंपनीने वांकेल यांची कंपनी १० कोटी मार्कांना विकत घेतली. १९७२ मध्ये कर्टिस-राइटच्या शेअरमध्ये न्यूयॉर्कला सट्टा रंगला.

१९७३ च्या तेलसंकटाने इंधनाचा खप हाच निकष झाला. १९७४ मध्ये जनरल मोटर्सने उत्पादनाचा बेत पुढे ढकलला. तो पुन्हा हाती घेतलाच नाही. १९६१ पासूनचा परवानाधारक जपानची माझ्दा कंपनीही तेलसंकटात बुडता बुडता सुमितोमो बँकेच्या आधाराने तरली. तिच्या अभियंत्यांनी सीलपट्ट्यांवर चिकाटीने काम करून १९७८ मध्ये आरएक्स-७ बाजारात आणली.