फेरफार : नोंदीमागची नोंद

शके 1506, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शोधनाचे वर्ष आणि कारण ग्रंथाअखेरीस नोंदवले गेले. कोणता शब्द काढून कोणता घातला, याची यादी मात्र मागे राहिली नाही. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ही उणीव आजही जाणवते. अशी यादी ठेवण्याची शिस्त पाळली ती आम्हां साहित्याच्या माणसांना परक्या वाटणाऱ्या महसुली दप्तराने.

पवनी तालुक्यातील अड्याळचेच उदाहरण घेऊ. या धानाच्या मुलखातील मालगुजारी 1951 मध्ये संपली. पुढे 1954 ची मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता आली. 1956 साली भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात आला. 15 ऑगस्ट 1967 पासून महाराष्ट्राची स्वतःची संहिता लागू झाली. या संहितेच्या व्यवस्थेत सातबारा जमिनीची आजची स्थिती सांगतो, तर ती स्थिती कशी आली हे गाव नमुना 6, अर्थात फेरफार नोंदवही, सांगते. वर्दी आली की नोंद धरायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकत आल्यास ती स्वतंत्र नोंदवहीत घ्यायची, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच सातबारावर अंमल द्यायचा. हस्तलिखित सातबारावर जुने नाव कंसात जाई आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक येई. चुकीची दुरुस्तीदेखील कलम 155 खालील आदेशाने, नव्या फेरफारानेच होते.

पुढे संगणक आला. नोंदणीकृत खरेदीखताची माहिती आता दुय्यम निबंधक कार्यालयातून फेरफारासाठी आपोआप पुढे जाते. संगणकीकृत सातबारा मूळ हस्तलिखिताशी ताडण्यासाठी 2017 साली गावोगाव चावडी वाचन झाले. ही एक प्रकारची पाठचिकित्साच होती. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला. सॉफ्टवेअर प्रकल्पांतही हाच पेच आहे. बदलांची यादी यंत्र क्षणात काढून देते, परंतु बदल का केला हे माणसाने लिहिले नसेल तर ती यादी मुकी राहते.

येथे प्रश्न केवळ नीटनेटकेपणाचा नाही. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. तरीही एखाद्या सातबारावर फक्त भावांची नावे दिसतात. बहिणीने हक्कसोडपत्र करून दिले, की वारसनोंदीच्या वेळी तिचे नाव सांगितलेच गेले नाही? सातबारा दोन्ही प्रसंगी सारखाच दिसतो. भेद कळतो तो फेरफारातील दोन-चार ओळींत : वर्दी कोणी दिली, वारस कोण सांगितले, नोटीस कोणाला गेली.

म्हणून आम्हांस असे वाटते की, क्रमांक, दिनांक आणि क्षेत्र यंत्राने खुशाल भरावे; कारणाची ओळ मात्र जबाबदार माणसाने, वाचणाऱ्याला समजेल अशा मराठीत लिहावी. शुद्ध प्रत पुढच्या पिढीला उपयोगी पडतेच. पण ती शुद्ध कशी झाली हे ठाऊक असेल, तरच त्या पिढीला तिच्याविषयी प्रश्न विचारता येतो.