वाडा उचलून नेता येतो का?

आजचा विषय ठरला तेव्हा काही जणांनी विचारलं, घर काय उचलून न्यायची वस्तू आहे का? मराठीत 'स्थावर' हा शब्दच त्यासाठी आहे, म्हणजे जे हलत नाही ते. पण लाकडी घर पूर्णपणे स्थावर कधीच नव्हतं, हेच आज आपल्याला पाहायचं आहे.

कल्याणपासूनच सुरुवात करू. सहाव्या शतकात कॉस्मस इंडिकोप्लेउस्टस नावाचा ग्रीक व्यापारी पश्चिम किनाऱ्याबद्दल लिहून गेला. त्याच्या ग्रंथात 'कल्लियाना' हे बंदर येतं आणि तिथून परदेशी जाणाऱ्या मालात शिसवाचे ओंडकेही येतात. त्यानंतर अकराशे वर्षांनी, १६५७ साली, शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्याच खाडीत आरमाराची जहाजं बांधायला घेतली. त्यामागे मुरबाड-शहापूरकडचं जंगल होतं. लाकूड जाणणारी माणसं आणि लाकूड आणणारी वाट दोन्ही इथे असल्यावर वाडेही लाकडाचे झाले, यात नवल नाही.

आता वाडा उभा कसा असतो ते बघा. सगळा मुद्दा तिथे आहे. आपल्याला वाटतं भिंतींनी घर तोललंय. तसं नसतं. दगडी जोतं, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, आणि सगळ्यांच्या वर आढं, वासे, रिपा, कौलं. भार या सांगाड्यातून खाली जातो. विटा-मातीची भिंत नंतर मधल्या जागेत भरलेली असते. म्हणून जुने लोक घर चौरस फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. पाच खणी सोपा म्हटलं की सुताराला, मालकाला आणि सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्यालाही घर कळायचं.

हे जोडलेलं कसं, तर मुख्यतः कूस आणि खाच. एका लाकडाचं टोक कमी करून दुसऱ्याच्या खाचेत बसवायचं, वरून लाकडी खुंटी ठोकायची. मोठ्या सांध्यांत लोखंडी खिळा कमीच. खुंटी उलट बाजूनं ठोकली की निघते, सांधा मोकळा होतो. जे ठोकून बसवलं ते ठोकून निघतं, एवढं साधं आहे. फक्त एक अडचण आहे. प्रत्येक कूस हातानं तासलेली असल्यामुळे ती तिच्याच खाचेत नीट बसते. शेजारच्या खांबाचं टोक इथे चालत नाही. तेव्हा उतरवताना क्रमांक घातला नाही, तर शंभर वर्षं नीट उभा असलेला वाडा दोन दिवसांत जळाऊ लाकडांचा ढीग होतो. 'खाल्ल्या घरचे वासे मोजणे' हे आपल्याकडे कृतघ्नपणाचं लक्षण मानतात, पण घर हलवणाऱ्याचं पहिलं काम वासे मोजणं हेच आहे.

युरोपात ही गोष्ट लवकर ओळखली गेली. तिकडची घरं आडव्या ओंडक्यांची, कोपऱ्यात एकमेकांत अडकवलेली. ओंडक्यांवर खुणा करायच्या, उतरवायचं, दुसरीकडे त्याच क्रमानं रचायचं. स्वीडनच्या आर्टुर हासेलियस यांनी अशी घरं जमवून १८९१ मध्ये स्टॉकहोमला स्कान्सेन हे उघड्यावरचं संग्रहालय सुरू केलं. आज तिथे दीडशेच्या आसपास इमारती आहेत.

आपल्याकडे सरकारी योजनेतून असं फारसं झालं नाही. झालं ते एकेका माणसाच्या वेडातून. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी 'अज्ञातवासी', यांचं संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल. दिवे, अडकित्ते, वाद्यं, दरवाजे असं सगळं त्यांनी गोळा केलं, ते अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं उभं केलं आणि १९७५ साली राज्य सरकारच्या हाती दिलं. तिथे मस्तानी महालाचं दालन आहे. कोथरूडला बाजीरावांनी मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेष आणून ते रचलेलं आहे. आख्खा महाल नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. पण कोथरूडच्या मूळ जागी आज ज्या वेगानं इमारती उभ्या राहिल्यात, त्या बघितल्या की दालन तरी उरलं याचं मोल कळतं.

दुसरं नाव विजयनाथ शेणॉय. मणिपालचे, बँकेत नोकरी करणारे. पाडल्या जाणाऱ्या घरांचे खांब, दारं, खिडक्या जमवून त्यांनी आधी स्वतःचं घर बांधलं आणि मग आख्खी घरं आणून वसवली. २०१७ मध्ये ते गेले. त्यांच्या त्या वारसा-ग्रामात मुधोळच्या राजवाड्याचा दरबार हॉल आहे. मुधोळ म्हणजे घोरपड्यांचं मराठा संस्थान, आज बागलकोट जिल्ह्यात. वाईकडचा एक पेशवेकालीन लाकडी वाडाही तिथे आहे. म्हणजे कृष्णाकाठचा वाडा बघायला आता उडुपीच्या बाजूला जायचं! आम्हाला यात आनंद जास्त की खंत जास्त, हे ठरवणं कठीण जातं. पण शेणॉय गेले नसते तर ते सागवान कुणाच्या तरी हॉटेलात टेबलं होऊन बसलं असतं, हेही खरं.

हलवलेल्या घराबद्दल एक आक्षेप नेहमी येतो आणि तो गंभीर आहे. सांगाडा येतो, पण जोतं येत नाही. विहीर, तुळशीवृंदावन, शेजाऱ्याची सामाईक भिंत, दारातली गल्ली, यातलं काही येत नाही. हवाही बदलते. मुधोळच्या कोरड्या हवेतलं लाकूड किनाऱ्याच्या पावसात नेलं की त्याला वाळवी आणि ओल दोन्ही नव्यानं सांभाळावी लागते. त्यामुळे आमचं मत स्पष्ट आहे: वाडा जागेवर राहत असेल तर तो जागेवरच राहावा. हलवणं हा दुसरा पर्याय. पण आपल्याकडे तिसराच चालू आहे.

तो तिसरा ठाण्यात चरई-नौपाड्यात, कल्याणात पारनाका-टिळक चौकात कुणीही बघावा. १९४७च्या भाडे कायद्यानं भाडी जिथल्या तिथे थांबली. पंधरा-वीस रुपये भाडं येणाऱ्या मालकानं कौलं कशी शेकारायची? आणि हक्क जाईल या धास्तीनं भाडेकरू जागा सोडणार नाही. दोघांचंही चुकलं असं आम्हाला वाटत नाही. पन्नास वर्षं गळकं छप्पर सोसून दोघेही थकले. मग वाटेकऱ्यांच्या सह्या होतात, विकासक येतो, सगळ्यांना पक्का फ्लॅट मिळतो. ज्या बाईनं तीस पावसाळे माजघरात पातेली मांडली, तिला 'वारसा जपा' म्हणायला आपण कोण?

पण त्या व्यवहारात लाकडाचं काय होतं ते बघा. पाडकामाचा ठेकेदार पाडायचे पैसे मागत नाही, उलट मालकाला देतो, कारण जुना साग वाळून पक्का झालेला असतो आणि त्याला गिऱ्हाईक आहे. कोरीव दरवाजा, खांबांची जोडी, झोपाळ्याच्या कड्या जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जातात. तुळया चिरल्या जातात. म्हणजे आपले वाडे हलतातच, मंडळी, फक्त तुकड्यांनी आणि पत्ता न ठेवता. सुभेदार वाडा म्हटलं की आज कल्याणकराला शाळा आणि गणेशोत्सव आठवतो, वाड्याचे खण कुणाला आठवत नाहीत.

याच्या उलट गरीब माणसानं काय केलं? धरणात गाव जाणार म्हटल्यावर लोकांनी घर मागे सोडलं नाही. खांब, वासे, दारं, कौलं उतरवून गाडीत घातली आणि नव्या गावठाणात त्याच लाकडांवर घर उभं केलं. शहापूर-मुरबाडकडच्या कारवीच्या कुडाच्या घरात कूड आणि माती तिथेच राहते, मेढी आणि आढं सोबत जातं. यावर पुस्तकं नाहीत, पण घर हलवण्याची खरी विद्या तिथे आहे. आमच्या माहितीतल्या वाड्यांच्या मालकांपेक्षा त्यांना आपल्या घरातली लाकडं जास्त ठाऊक असतात.

तुमच्यापैकी कुणाचा वाडा सध्या करारावर असेल, तर ठेकेदार येण्याआधी तीन कामं होऊ शकतात. प्रत्येक खणाचं माप घेऊन साधा नकाशा काढा, वहीच्या पानावर चालेल. प्रत्येक सांध्याचा फोटो घ्या, त्यात मोजपट्टी धरा. आणि खांब-तुळयांना क्रमांक द्या, रंगानं नको, तो पावसात जातो. पत्र्याची पट्टी ठोका. सांगाडा लगेच कुठे उभा राहणार नसेल तर लाकडं जमिनीपासून वर, आडवी आणि हवेशीर ठेवा. करारनाम्यात 'मोडीचं सामान' कुणाचं हे एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ सही करण्याआधी वाचा, कारण ती बहुतेक वेळा ठेकेदाराच्या बाजूची असते आणि ती बदलून मागायला काही खर्च येत नाही.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून हात वर आहे, बोला काका.