डेव्हिस चषक आशिया/ओशनिया विभाग

डेव्हिस चषक आशिया/ओशनिया विभाग ही पुरुषांच्या डेव्हिस चषक या आंतरराष्ट्रीय सांघिक टेनिस स्पर्धेची प्रादेशिक पात्रता स्पर्धा आहे. आशिया खंडातील बहुतेक देश, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि प्रशांत महासागरातील द्वीपराष्ट्रे यांचे संघ या विभागात मोडतात. २०१८ पर्यंत जागतिक गटात नसलेल्या आशियाई संघाला तेथे पोहोचण्याचा मार्ग याच विभागातून जात असे. २०१९ मध्ये डेव्हिस चषकाची रचना बदलली आणि २०२० पासून विभागाचे वरचे दोन गट बंद झाले. खालच्या गटांच्या स्पर्धा मात्र आजही विभागवार होतात.

भारत या विभागातील प्रमुख संघांपैकी एक होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुण्यातील बालेवाडी येथे झालेली भारत–न्यूझीलंड लढत ही महाराष्ट्रात झालेली या विभागाची एक महत्त्वाची लढत होय.

पार्श्वभूमी

डेव्हिस चषक स्पर्धेची सुरुवात १९०० साली अमेरिका आणि ब्रिटिश बेटे यांच्यातील लढतीने झाली. सहभागी देशांची संख्या वाढल्यावर १९२३ पासून अमेरिका आणि युरोप असे दोन विभाग करण्यात आले. भारताने १९२१ मध्ये या स्पर्धेत प्रथम भाग घेतला. पदार्पणाच्या वर्षीच भारताने फ्रान्सला हरवले आणि त्यानंतर जपानकडून पराभव पत्करला. त्या वर्षी जपानने अंतिम लढतीपर्यंत मजल मारली.

आशियातील संघांसाठी १९५०च्या दशकात स्वतंत्र 'पूर्व विभाग' अस्तित्वात आला. आजच्या आशिया/ओशनिया विभागाचे हे मूळ रूप होय. त्या काळी गतविजेता देश थेट अंतिम लढत खेळत असे. त्याचा प्रतिस्पर्धी ठरवण्यासाठी विविध विभागांचे विजेते आपापसांत आंतरविभागीय लढती खेळत. गतविजेत्याला मिळणारी ही सवलत १९७२ पासून रद्द झाली.

१९८१ मध्ये १६ संघांचा जागतिक गट स्थापन झाला आणि विभागांचा अर्थच बदलला. पूर्वी विभागाचा विजेता त्याच वर्षी चषकासाठी खेळू शकत असे. १९८१ नंतर विभाग जिंकणाऱ्या संघाला पुढील वर्षी जागतिक गटात खेळण्याची संधी मिळू लागली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पूर्व विभागाचे नाव आशिया/ओशनिया विभाग असे झाले आणि त्यात बढती व घसरणीच्या तत्त्वावर आधारित गट निर्माण झाले.

स्वरूप

२०१७ पर्यंत गट १ आणि गट २ मधील प्रत्येक लढत तीन दिवस चाले आणि तीत पाच सामने होत. पहिल्या दिवशी दोन एकेरी, दुसऱ्या दिवशी दुहेरी आणि तिसऱ्या दिवशी दोन परतीच्या एकेरी असा क्रम असे. परतीच्या एकेरीत खेळाडूंच्या जोड्या उलट होत. पाचपैकी तीन सामने जिंकणारा संघ विजयी ठरे. प्रत्येक सामना पाच सेटचा असे. लढतीचा निकाल लागल्यानंतर उरलेला सामना मात्र तीन सेटचा होई.

लढत कोणत्या देशात व्हायची हे सामान्यतः आळीपाळीने ठरे. दोन संघांची मागील लढत ज्या देशात झाली असेल, त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे पुढील लढतीचे यजमानपद जाई. यजमान देशाला शहर आणि कोर्टचा प्रकार निवडण्याचा अधिकार असे. त्यामुळे गवताचे कोर्ट, हार्ड कोर्ट, हवामान आणि उंची या गोष्टींना निकालात मोठे महत्त्व प्राप्त होई.

गट १ मध्ये पहिल्या फेरीतील विजेते दुसरी फेरी खेळत. दुसऱ्या फेरीतील दोन विजेते संघ जागतिक गटाच्या प्ले-ऑफसाठी पात्र ठरत. तेथे जागतिक गटाच्या पहिल्या फेरीत हरलेले आठ संघ आणि तिन्ही विभागांतून आलेले आठ संघ यांच्यात आठ लढती होत. या आठ जागांपैकी चार युरोप/आफ्रिका विभागाला, दोन अमेरिका विभागाला आणि दोन आशिया/ओशनिया विभागाला होत्या. गट १ मध्ये हरणाऱ्या संघांना घसरण टाळण्यासाठी पुन्हा खेळावे लागे आणि त्यातही हरणारा संघ गट २ मध्ये जाई.

गट ३ आणि त्याखालील गटांची रचना वेगळी आहे. त्यांत सर्व संघ एकाच ठिकाणी जमतात आणि काही दिवसांत साखळी पद्धतीने खेळतात. प्रत्येक लढतीत दोन एकेरी आणि एक दुहेरी असे तीनच सामने असतात.

भारताची कामगिरी

भारताने डेव्हिस चषकाची अंतिम फेरी तीन वेळा गाठली आहे. १९६६ मध्ये पूर्व विभाग जिंकून भारताने कोलकाता येथील आंतरविभागीय लढतीत ब्राझीलला हरवले. मेलबर्नमधील अंतिम लढत ऑस्ट्रेलियाने ४–१ अशी जिंकली. भारताचा एकमेव विजय रामनाथन कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी दुहेरीत मिळवला.

१९७४ मध्ये पूर्व विभागाच्या अंतिम लढतीत भारताने कोलकाता येथे ऑस्ट्रेलियाला ३–२ असे नमवले. टायब्रेकर नसलेल्या त्या काळात या लढतीत एकूण ३२७ गेम खेळले गेले. विजय आणि आनंद अमृतराज या बंधूंनी दुहेरीचा सामना १७–१५, ६–८, ६–३, १६–१८, ६–४ असा जिंकला. त्यानंतर सोव्हिएत संघाला हरवून भारत अंतिम फेरीत पोहोचला. अंतिम लढत दक्षिण आफ्रिकेशी होती. त्या देशाच्या वर्णभेदी धोरणाच्या निषेधार्थ भारताने खेळण्यास नकार दिला आणि चषक न खेळता दक्षिण आफ्रिकेकडे गेला. १९८७ मध्ये भारत जागतिक गटातून अंतिम फेरीत गेला. ती लढत स्वीडनने ५–० अशी जिंकली.

२००९ मध्ये गट १ ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची लढत चेन्नईत व्हायची होती. सुरक्षेचे कारण देऊन ऑस्ट्रेलियाने संघ पाठवला नाही आणि भारताला पुढे चाल मिळाली. त्याच वर्षी भारताने जोहान्सबर्ग येथे दक्षिण आफ्रिकेला हरवून जागतिक गटात प्रवेश केला. २०११ अखेर ते स्थान गमावल्याने २०१२ पासून भारत पुन्हा आशिया/ओशनिया विभागात खेळू लागला.

महाराष्ट्रातील लढती

१९६३ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यातील आंतरविभागीय अंतिम लढत मुंबईत झाली. अमेरिकेने ती ५–० अशी जिंकली आणि पुढे ऑस्ट्रेलियाला हरवून चषकही मिळवला. १९७४ मधील सोव्हिएत संघाविरुद्धची लढत पुण्यात झाली. भारताने ती ३–१ अशी जिंकून अंतिम फेरी गाठली. एप्रिल २००६ मध्ये मुंबईत भारत आणि पाकिस्तान यांच्यात आशिया/ओशनिया गट १ मधील घसरण टाळण्यासाठीची लढत झाली. भारताने ती ३–२ अशी जिंकून गटातील स्थान राखले.

महाराष्ट्रातील खेळाडूंपैकी पुण्याचे नंदन बाळ आणि ख्यातनाम बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर यांचे पुत्र गौरव नाटेकर यांनी डेव्हिस चषकात भारताचे प्रतिनिधित्व केले आहे.

पुणे, २०१७

२०१७ च्या गट १ च्या पहिल्या फेरीत भारताची गाठ न्यूझीलंडशी पडली. दोन्ही संघांची मागील लढत २०१५ मध्ये क्राइस्टचर्च येथे झाली होती आणि भारताने ती ३–२ अशी जिंकली होती. त्यामुळे या वेळी यजमानपद भारताकडे आले. ३ ते ५ फेब्रुवारी २०१७ या काळात पुण्यातील बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात हार्ड कोर्टवर ही लढत झाली. हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारण्यात आले होते. तब्बल ४३ वर्षांनी पुण्यात डेव्हिस चषकाची लढत होत होती. १९७४ च्या भारतीय संघातील आनंद अमृतराज या वेळी भारताचे न खेळणारे कर्णधार होते आणि कर्णधार म्हणून ही त्यांची अखेरची लढत होती.

या लढतीकडे लक्ष लागण्याचे आणखी एक कारण लिअँडर पेस हे होते. डेव्हिस चषकात दुहेरीचे ४२ सामने जिंकून त्यांनी इटलीच्या निकोला पिएत्रांजेली यांच्या विक्रमाशी बरोबरी साधली होती. आणखी एका विजयाने तो विक्रम त्यांच्या एकट्याच्या नावावर होणार होता. साकेत मायनेनी दुखापतीमुळे खेळू न शकल्याने विष्णू वर्धन यांची संघात निवड झाली आणि पेस यांनी त्यांच्या साथीने दुहेरीचा सामना खेळला.

सामन्यांचे निकाल पुढीलप्रमाणे होते:

• युकी भांब्री (भारत) विजयी वि. फिन टिअर्नी ६–४, ६–४, ६–३
• रामकुमार रामनाथन (भारत) विजयी वि. होझे स्टॅथम ६–३, ६–४, ६–३
• आर्टेम सिटाक व मायकेल व्हीनस (न्यूझीलंड) विजयी वि. लिअँडर पेस व विष्णू वर्धन ३–६, ६–३, ७–६, ६–३
• रामकुमार रामनाथन (भारत) विजयी वि. फिन टिअर्नी ७–५, ६–१, ६–०
• युकी भांब्री (भारत) विजयी वि. होझे स्टॅथम ७–५, ३–६, ६–४

पहिल्या दिवशी भारताने २–० अशी आघाडी घेतली. दुसऱ्या दिवशी पेस आणि वर्धन यांनी पहिला सेट जिंकला. तिसऱ्या सेटचा टायब्रेकर मात्र न्यूझीलंडच्या जोडीने मिळवला आणि तेथून सामना भारताच्या हातून निसटला. याच व्हीनस यांनी चार महिन्यांनंतर रायन हॅरिसन यांच्या साथीने फ्रेंच खुल्या स्पर्धेचे पुरुष दुहेरीचे विजेतेपद पटकावले. तिसऱ्या दिवशी रामकुमार यांच्या विजयाने लढतीचा निकाल लागला आणि अखेरचा सामना तीन सेटचा खेळवण्यात आला. भारताने लढत ४–१ अशी जिंकली. पेस यांचा विक्रम मात्र पुण्यात होऊ शकला नाही.

एप्रिलमध्ये बंगळूर येथे दुसऱ्या फेरीत भारताने उझबेकिस्तानलाही ४–१ असे हरवले. तोवर महेश भूपती कर्णधार झाले होते आणि पेस यांना अंतिम चार खेळाडूंत स्थान मिळाले नाही. सप्टेंबरमध्ये एडमंटन येथील प्ले-ऑफमध्ये भारत कॅनडाकडून २–३ असा हरला. त्या वर्षी आशिया/ओशनिया विभागातून प्ले-ऑफला गेलेला दुसरा संघ कझाकस्तानचा होता. त्याने २०१६ च्या विजेत्या अर्जेंटिनाला ३–२ असे हरवून जागतिक गटात प्रवेश मिळवला.

विभागातील यश आणि प्ले-ऑफमधील अपयश

२०१४ ते २०१८ या सलग पाच वर्षांत भारताने आशिया/ओशनिया गट १ मधून प्ले-ऑफ गाठली. पाचही वेळा त्याला जागतिक गटात प्रवेश मिळाला नाही.

• २०१४: विभागात चिनी तैपेई (इंदूर) व दक्षिण कोरिया (बुसान) यांच्यावर विजय, प्ले-ऑफमध्ये सर्बियाकडून पराभव (बंगळूर)
• २०१५: विभागात न्यूझीलंडवर विजय (क्राइस्टचर्च), प्ले-ऑफमध्ये चेक प्रजासत्ताकाकडून पराभव (नवी दिल्ली)
• २०१६: विभागात दक्षिण कोरियावर विजय (चंदीगड); प्ले-ऑफमध्ये स्पेनकडून पराभव (नवी दिल्ली)
• २०१७: विभागात न्यूझीलंड (पुणे) व उझबेकिस्तान (बंगळूर) यांच्यावर विजय, प्ले-ऑफमध्ये कॅनडाकडून पराभव (एडमंटन)
• २०१८: विभागात चीनवर विजय (त्यांजिन), प्ले-ऑफमध्ये सर्बियाकडून पराभव (क्राल्येवो)

या पाच वर्षांत विभागातील वरच्या संघांमध्ये भारताचे स्थान पक्के होते. प्ले-ऑफमध्ये मात्र त्याच्यासमोर सर्बिया, चेक प्रजासत्ताक आणि स्पेन यांसारखे माजी विजेते उभे ठाकले. विभागाची पात्रता मिळवणे आणि जागतिक गटात स्थान मिळवणे या दोन पायऱ्यांमधील अंतर या निकालांतून दिसते.

२०१८ पासून गट १ आणि गट २ च्या लढती दोन दिवसांच्या आणि सामने तीन सेटचे झाले. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांजिन येथे भारत पहिल्या दिवशी ०–२ असा पिछाडीवर होता. दुसऱ्या दिवशी पेस आणि रोहन बोपण्णा यांनी गाँग माओशिन आणि झांग झे यांना ५–७, ७–६, ७–६ असे हरवले. पुण्यात हुकलेला ४३वा दुहेरी विजय पेस यांना येथे मिळाला आणि ते डेव्हिस चषकातील सर्वाधिक दुहेरी सामने जिंकणारे खेळाडू ठरले. त्यानंतर रामकुमार यांनी वू दी यांना आणि प्रज्ञेश गुणेश्वरन यांनी वू यिबिंग यांना नमवून भारताला ३–२ असा विजय मिळवून दिला.

पुनर्रचना

ऑगस्ट २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने डेव्हिस चषकाच्या नव्या रचनेला मान्यता दिली. २०१९ मध्ये जागतिक गटाऐवजी २४ संघांची पात्रता फेरी आणि माद्रिद येथे १८ संघांची अंतिम स्पर्धा झाली. त्या वर्षी गट १ आणि गट २ विभागवारच खेळवले गेले. आशिया/ओशनिया गट १ मधील भारताची अखेरची लढत पाकिस्तानशी झाली. ती इस्लामाबादमध्ये होणार होती. सुरक्षेच्या कारणावरून महासंघाने ती कझाकस्तानच्या राजधानीत, नूर-सुलतान येथे हलवली. या निर्णयाच्या निषेधार्थ पाकिस्तानचे ऐसाम-उल-हक कुरेशी आणि अकील खान या लढतीत खेळले नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये झालेली ही लढत भारताने ४–० अशी जिंकली.

२०२० पासून सर्व विभागांचे गट १ आणि गट २ एकत्र करून जागतिक गट १ आणि जागतिक गट २ करण्यात आले. परिणामी त्यानंतरच्या काळात भारताच्या वाट्याला फिनलंड, डेन्मार्क, नॉर्वे, मोरोक्को आणि स्वीडन यांसारखे विभागाबाहेरचे प्रतिस्पर्धी आले. यजमानपदाचे तत्त्व टिकून आहे. मार्च २०२२ मध्ये भारताने डेन्मार्कविरुद्ध दिल्लीत गवताचे कोर्ट निवडले आणि ४–० असा विजय मिळवला. मात्र आशियातील शेजारी देशांशी दरवर्षी होणाऱ्या लढतींची हमी उरली नाही. आशिया/ओशनिया विभाग आता गट ३ आणि त्याखालील गटांपुरता मर्यादित असून तेथून बढती मिळवणारे संघ जागतिक गट २ कडे वाटचाल करतात.

हे सुद्धा पहा

• डेव्हिस चषक
• भारत डेव्हिस चषक संघ
• लिअँडर पेस
• श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल
• महाराष्ट्र खुली टेनिस स्पर्धा