खुडूक कोंबडीची जुनी हकीकत



दिवाळी सरते, थंडी पडू लागते, आणि एक दिवस घरच्या एखाद्या कोंबडीचा आवाज बदलतो. ती घोगरं कुरकुरते, पिसं फुलवून बसते, अंडी घालायच्या पाटीतून हलत नाही. हात घातला तर चोच मारते. कोंबडी खुडूक झाली. मग घरात दोन मतं पडतात. आजी म्हणते, "बारा अंडी मांडा तिच्याखाली." पोरगा म्हणतो, "अंडी बंद झाली हिची, बुडवा पाण्यात."

हा वाद काही आजचा नाही. निदान दोन हजार वर्षे तो चालू आहे, आणि त्याची लेखी नोंदही आहे. या पत्रकात ती हकीकत सांगणार आहोत, कारण तिच्यातून तुमच्या खुराड्यातल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. घरोघरी कोंबड्यांकडे बघतात त्या बायका. तेव्हा हे पत्रक पुरुषांनी वाचून खिशात घालू नये, घरात द्यावे.

सुरुवात रानातून करू. आपल्या कोंबडीचा मूळ पुरुष म्हणजे आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा. थायलंडमधल्या बान नॉन वाट या गावी जुन्या वस्तीत कोंबड्यांची हाडे सापडली. ती साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची असल्याचे २०२२ साली शास्त्रज्ञांनी मांडले. त्यांचे म्हणणे असे, की भात आणि बारीक तृणधान्ये पेरणारी माणसे तिथे वसली, खळ्यावर दाणे सांडू लागले, आणि ते टिपायला रानातला पक्षी गावाजवळ आला. म्हणजे कोंबडी माणसाच्या घरी आली ती शेतकऱ्याच्या दाण्यावर. आपल्या सह्याद्रीत दिसतो तो करडा रानकोंबडा. त्याचाही यात थोडा वाटा आहे. कोंबडीच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग या करड्या रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवले.

रानातली कोंबडी जमिनीवरच पाच-सहा अंडी घालते. रोज एक घालायचे आणि निघून जायचे. सगळी झाली की मगच बसायचे. यात फार मोठी सोय आहे, बघा. पहिले अंडे आठवडाभर आधीचे असले तरी त्याची वाढ ऊब मिळेपर्यंत थांबून राहते, आणि पिले जवळपास एकाच वेळी बाहेर येतात. एकेक करून आली असती तर आईने बाहेरच्याला सांभाळायचे की आतल्याला? खुडूक होणे हा कोंबडीचा रोग नव्हे, खोड नव्हे. तिचा वंश टिकला तो यावरच.

आता रोमकडे येऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोल्युमेल्ला नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. स्वतः जमीनदार, शेती करणारा. त्याने शेतीवर लॅटिन भाषेत बारा भागांचा ग्रंथ लिहिला आणि त्यातला आठवा भाग कोंबड्या-बदकांना दिला. वाचताना वाटते, हा माणूस आपल्याच शिवारातला असावा. तो सांगतो, अंडी विषम संख्येने ठेवावीत. थंडीच्या दिवसांत पंधरा, पुढे एकोणीस, उन्हं वाढली की एकवीस. विषम आकड्यात काही नाही, ती समजूत आहे. पण थंडीत कमी आणि उबेत जास्त, हे मात्र खरे निरीक्षण. कोंबडीच्या पोटाखाली जेवढी झाकली जातात तेवढीच उबतात, कडेची गारठतात. आपली गावठी कोंबडी अंगाने लहान. तिला दहा, फार तर बारा पुरेत. लोभाने अठरा ठेवली तर बाराही हाती लागत नाहीत, कारण ती अंडी फिरवते तेव्हा कडेचे आत आणि आतले कडेला जाते, आणि आळीपाळीने सगळ्यांनाच गारठा बसतो.

पेंढ्याखाली लॉरेल झाडाच्या डहाळ्या, लसणाचे गड्डे आणि लोखंडी खिळे ठेवतात, असेही तो लिहितो. कशासाठी? तर ढगांच्या गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. आपल्याकडेही कित्येक घरी अंड्यांच्या पाटीत खिळा किंवा कोळसा टाकतात, आणि कारणही हेच सांगतात. खिळ्याने बिघडत काही नाही, पण उपयोगही काही नाही. मृगाच्या गडगडाटात अंडी नासली असे वाटते, ती बहुतेक वेळा आधीच वाया गेलेली असतात. वैशाखाच्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेल्या अंड्यात कोंबडी बसण्याआधीच जीव धरू लागतो आणि अर्ध्यावर मरतो. दोष विजेचा नाही, उन्हाचा आहे. उबवायची अंडी गार जागी, ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात, निमुळते टोक खाली करून ठेवा. धुऊ नका. आठवड्यापेक्षा जुनी होऊ देऊ नका. पाटीत खिळ्याऐवजी तळाला राखेचा थर आणि वर कडुनिंबाचा पाला घालून मग पेंढा पसरा, म्हणजे उवा-पिसवांचा त्रास कमी होतो. उवा झाल्या की कोंबडी एकविसाव्या दिवसापर्यंत टिकत नाही, अंडी सोडून उठते.

त्याच काळातला प्लिनी नावाचा दुसरा रोमन लेखक अंडी पारखायची रीत देतो: चौथ्या दिवशी अंडे उजेडासमोर धरा, आत सगळे एकरंगी दिसले तर ते वांझ. रीत बरोबर आहे, दिवस जरा घाईचा आहे. सातव्या रात्री अंधारात बॅटरीच्या तोंडावर अंडे धरून बघा. तांबड्या शिरांचे कोळ्यासारखे जाळे दिसले तर जीव आहे. नुसता पिवळा उजेड दिसला तर काढून टाका.

कोल्युमेल्लाची आणखी एक गोष्ट सांगतो. कोवळ्या कोंबड्यांना बसू देऊ नये, त्यांनी अंडीच घालावीत, आणि त्यांची बसायची हौस मोडण्यासाठी नाकपुडीतून पीस ओवावे, असे तो म्हणतो. दोन हजार वर्षांपूर्वी, रोममध्ये! हाच प्रकार आपल्या खेड्यांत लोक अजून करतात. कोणी कोणाकडून शिकले असेल असे नव्हे. माणसाची घाई सगळीकडे सारखीच.

कोंबडी खुडूक का होते याचे उत्तर मात्र फार उशिरा मिळाले. अमेरिकेत ऑस्कर रिडल या शास्त्रज्ञाने १९३३ च्या सुमारास शरीरातल्या एका स्रावाला प्रोलॅक्टिन असे नाव दिले. गाईच्या कासेत दूध येण्यामागे जो स्राव असतो तोच हा. १९३५ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो अंड्यावरच्या कोंबड्यांना टोचला, तर त्या खुडूक झाल्या. पोटाखालच्या उघड्या कातडीला अंड्यांचा ऊबदार स्पर्श होत राहिला की हा स्राव टिकतो, स्पर्श गेला की ओसरतो. म्हणून नाकातल्या पिसाने काही साधत नाही. कोंबडी हैराण होते, खाणे सोडते एवढेच. पाण्यात बुडवल्याने पोट गार पडते खरे, पण थंडीत ती आजारी पडते. खुडूक मोडायचीच असेल तर तिला जमिनीपासून उचललेल्या, तळाला फटी असलेल्या बांबूच्या पिंजऱ्यात, उजेडात, चार-पाच दिवस ठेवा. पेंढा घालू नका. दाणा-पाणी भरपूर द्या. पोटाला खालून वारा लागला की ती आपोआप ताळ्यावर येते.

कोंबडीवाचून पिले काढायची खटपटही जुनीच. इजिप्तमध्ये अंडी उकिरड्याच्या उबेत पुरून उबवतात, असे ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल याने तेवीसशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिले. सिराक्यूजमधल्या एका दारुड्याची गोष्टही त्याने सांगितली आहे. हा आपल्या चटईखाली मातीत अंडी पुरायचा आणि पिले निघेपर्यंत पीत बसायचा! ती गोष्ट सोडा, पण इजिप्तच्या भट्ट्या मात्र अस्सल. मातीच्या विटांचे घर, मधून बोळ, दोन्ही बाजूंना खाली-वर खोल्या. खालच्या खोलीत अंडी, वरच्या खोलीत शेणाचा आणि भुशाचा धुमसता विस्तव. राखणदार आत वावरून हातांनी हजारो अंडी फिरवणार. त्यांच्याजवळ तापमापक नसायचा. अंडे उचलून पापणीला लावायचे आणि ऊब ओळखायची. पुढल्या दिवसांत विस्तवही लागत नसे, कारण वाढत्या पिलांच्या अंगचीच ऊब पुरायची. ही विद्या बापाकडून मुलाकडे जायची, बाहेरच्याला कोणी दाखवायचे नाही.

फ्रान्सचा रेओम्यूर या शास्त्रज्ञाने या भट्ट्यांची माहिती जमवून १९४९ नव्हे, १७४९ साली, म्हणजे पेशवाईच्या काळात, ग्रंथ लिहिला. स्वतः त्याने ताज्या शेणखतात पिंपे पुरून अंडी उबवली. पिले निघाली, पण पुढे काय? त्यांना पंखाखाली घेणार कोण? तेव्हा त्याने पेटीला आतून मेंढीचे लोकरीचे कातडे लावून कृत्रिम आई केली. अंडे उबवणे सोपे, पिलू जगवणे अवघड, हे त्यालाही कळले.

पुढे हे काम यंत्रावर गेले. अमेरिकेत पेटालुमा गावी १८७९ मध्ये लायमन बाइस याने चालणारे उबवणी यंत्र बनवले. १८९२ मध्ये न्यू जर्सीच्या जोसेफ विल्सनने एक दिवसाची पिले आगगाडीने शिकागोला धाडली. वाटेत ना दाणा ना पाणी, आणि तरी ती जगली. याचे कारण असे, की अंड्यातून बाहेर येण्याआधी पिलू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते. त्यावर ते दोन-तीन दिवस निभावते. सगळा पोल्ट्रीचा धंदा या बलकावर उभा आहे. पण निसर्गाने हा शिधा आगगाडीसाठी दिलेला नव्हता. तो दिला, लवकर निघालेल्या पिलाने मागून निघणाऱ्या भावंडांसाठी थांबावे म्हणून. कोल्युमेल्लाला बलकाचे ठाऊक नव्हते, तरी त्याने लिहून ठेवले, की निघेल तसे एकेक पिलू उचलू नये, सगळी निघेपर्यंत दिवसभर आईखालीच राहू द्यावे, दाणा-पाणी देऊ नये. तुम्हीही तेच करा. सारखी पाटी उचलून बघू नका. पहिल्या पिलाला कणी चारायच्या गडबडीत आई उठली तर मागची अंडी गार पडतात.

यंत्र आले आणि खुडूक कोंबडीची किंमत गेली. खुडूक झाली की अंडी थांबतात, म्हणून न बसणाऱ्या कोंबड्यांचीच पैदास पिढ्यान्पिढ्या ठेवली गेली. लेगहॉर्न कोंबडी वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते, पण बसायचे विसरली आहे. धंद्याला ते ठीक. ज्याच्या दारात आठ कोंबड्या, घरात वीज असून नसून सारखी, त्याला मात्र खुडूक कोंबडी म्हणजे दाण्यावर चालणारे यंत्र. तिचा बिघाड नाही, बिल नाही.

तिचे खरे नुकसान झाले ते रोगाने. १९२६ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे आणि जावा बेटात कोंबड्यांचा एक नवा रोग आढळला. पुढच्याच वर्षी कुमाऊँमधल्या राणीखेतला तो दिसला आणि आपल्या देशात त्याला राणीखेत हेच नाव पडले. आपण त्याला मानमोडी म्हणतो. १९४० च्या दशकात मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेत त्यावर लस तयार झाली. तिचीच पुढची आर-टू-बी लस आपल्याकडे देतात. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ-वन लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठ आठवड्यांनी आर-टू-बी टोचून. लस थंड ठेवावी लागते आणि कुपी बऱ्याच पक्ष्यांना पुरेल एवढी असते, म्हणून आळीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यातून आणावी. एकट्याने केले तर शेजारच्या खुराड्यातून रोग येतोच.

बाकी पिले मरतात ती गारठ्याने, घारीने आणि पाण्यात बुडून. पहिले पंधरा दिवस आई-पिलांना डालग्याखाली ठेवा, तिथेच कणी आणि बारीक भरडा द्या. पाण्याच्या उथळ परळात खडे टाका, म्हणजे पिलू पाणी पिईल पण बुडणार नाही. ऊन चढल्यावरच बाहेर सोडा.

शेवटी गिरिराजबद्दल. १९८० च्या दशकाअखेर बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने ही जात परसातल्या पालनासाठी काढली आणि आपल्याकडेही ती पुष्कळांनी घेतली. त्यानंतर हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज आली. दोन्ही वजनाला चांगल्या, पण खुडूक बसत नाहीत. झाबुआची कडकनाथही अंड्यांवर नीट बसत नाही. मग यांची अंडी उबवणार कोण? तीच, पोरगा जिला बुडवायला निघाला होता ती. गिरिराजची अंडी आकाराने मोठी, तेव्हा गावठी कोंबडीखाली आठ-नऊच ठेवा, सगळी एकाच संध्याकाळी ठेवा, आणि मागाहून त्यांत एकही घालू नका.