कलोपचार : एका पदवीची जन्मकथा

गेल्या दिवाळीत आमच्या रामबागेतील घरी एक लहानशी कुटुंबसभा भरली. विषय होता पुतण्याच्या कन्येच्या पुढील शिक्षणाचा. मुलीने मानसशास्त्र घेऊन बी. ए. केले, जोडीने चित्रकलेची साधनाही सोडली नाही, आणि आता तिला अमेरिकेत ‘आर्ट थेरपी अँड कौन्सेलिंग’ या विषयात एम. ए. करावयाचे होते. पुतण्याचे म्हणणे थोडक्यात असे की, “काका, रंग फासायला एवढ्या लांब जायचं, आणि परत येऊन दारावरच्या पाटीवर लिहायचं काय?” घरातील एकमेव निवृत्त शासकीय अधिकारी म्हणून माहितीपुस्तक वाचून अभिप्राय देण्याचे काम आमच्याकडे आले. सेवेतील अखेरची काही वर्षे आम्ही भरतीनियमांचे मसुदे तपासण्यात घालविली. त्यामुळे एखाद्या पदवीचे नाव ऐकले की ती कोणी, केव्हा आणि कशासाठी निर्माण केली, हे शोधण्याची खोड आम्हांस जडली आहे. त्या शोधात जे हाती लागले, ते येथे मांडीत आहोत.

प्रथम शब्दाविषयी. ‘आर्ट थेरपी’ हा शब्दप्रयोग १९४२ साली एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने रूढ केला, असे मानले जाते. क्षयाने आजारी होऊन तो ससेक्समधील आरोग्यधामात पडून होता. बिछान्यावर पडल्या पडल्या चित्रे काढताना आपले मन सावरते, हा अनुभव त्याला आला. पुढे त्याने तेथील इतर रुग्णांनाही पेन्सिल हाती धरावयास लावले आणि १९४५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. मराठीत आम्ही यासाठी ‘कलोपचार’ हा शब्द वापरीत आहोत. वाचकांस याहून बरा शब्द सुचल्यास अवश्य कळवावा.

पण हिल हा स्वतः रुग्ण होता; शास्त्र म्हणून या विषयाची मांडणी करण्याचे श्रेय अमेरिकेत मार्गारेट नाउमबर्ग (१८९०–१९८३) या विदुषीकडे जाते. ती मूळची शिक्षिका. इटलीत मारिया माँटेसरींकडे शिकून आल्यावर तिने १९१४ साली न्यूयॉर्कमध्ये शाळा काढली. तीच पुढे वॉल्डन स्कूल म्हणून प्रसिद्धीस आली. १९४१ पासून काही वर्षे तिने न्यूयॉर्कच्या राज्य मनोरुग्ण संस्थेत वर्तनसमस्या असलेल्या मुलांबरोबर काम केले. स्वप्नाप्रमाणेच चित्र हीदेखील अंतर्मनाची भाषा आहे, अशी तिची धारणा होती. मात्र त्या भाषेचा अर्थ उपचारकाने लावावयाचा नाही, तो ज्याने चित्र काढले त्याच्याच तोंडून यावयास हवा, असा तिचा आग्रह असे. तिच्या दृष्टीने चित्र हा संवादाचा प्रारंभ होता. चित्र चांगले की वाईट, हा प्रश्नच तेथे गैरलागू होता.

दुसरी परंपरा निराळ्याच वाटेने आली, आणि ती सांगताना थोडे थांबावे लागते. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही १८९८ साली व्हिएन्नात जन्मलेली चित्रकर्ती वायमारच्या सुप्रसिद्ध बाउहाउसमध्ये शिकलेली. नाझींच्या छळामुळे देशोधडीला लागलेल्या निर्वासितांच्या मुलांना ती प्राग शहरात चित्रकला शिकवू लागली. तेव्हा एडिथ क्रेमर नावाची तिची एक तरुण शिष्या हाताखाली असे. क्रेमर १९३८ साली न्यूयॉर्कला निसटली. फ्रीडलला पॅलेस्टाइनला जाण्याचा परवाना मिळाला होता, पण पतीला सोडून ती गेली नाही. डिसेंबर १९४२ मध्ये दोघांना तेरेझीनच्या बंदिवस्तीत नेण्यात आले. सोबत नेता येणारे सामान मोजके. तिने त्यात शक्य तितके चित्रसाहित्य भरले. तेथे मुलांच्या वसतिगृहांतून ती जुन्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूंवर मुलांकडून चित्रे काढवून घेई आणि प्रत्येकास आपल्या चित्रावर आपले नाव लिहावयास सांगे. ज्या जागी माणसाची ओळख क्रमांकापुरती उरली होती, त्या जागी तिने नाव लिहावयास लावले. १९४३ मध्ये तिने त्याच वस्तीत मुलांच्या चित्रांवर एक व्याख्यानही दिले. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला आउशवित्झला पाठविण्यात आले आणि तेथे तिचा अंत झाला. मागे राहिल्या दोन सुटकेस. त्यांत सुमारे साडेचार हजार चित्रे होती. युद्धानंतर ती प्रागला पोहोचली व आज तेथील ज्यू संग्रहालयात आहेत. ती काढणारी बहुसंख्य मुले मात्र वाचली नाहीत.

फ्रीडलने स्वतःस कलोपचारक म्हटले नाही. तो शब्द तिच्या कानी पडला असण्याचाही संभव नाही. पण तिची शिष्या क्रेमर (१९१६–२०१४) हिने ही शिदोरी न्यूयॉर्कला नेली. १९५० साली विल्टविक येथील मुलांच्या निवासी शाळेत तिला काम मिळाले. हार्लेमसारख्या वस्त्यांतून आलेली, लहान वयातच पोलीस आणि न्यायालय पाहिलेली ही मुले. संस्थेच्या एका मनोविश्लेषक विश्वस्त बाईंनी क्रेमरच्या पदास ‘आर्ट थेरपिस्ट’ असे नाव दिले. भरतीनियमांच्या भाषेत सांगावयाचे तर आधी पद निर्माण झाले, अर्हता फार नंतर आली! तेथील अनुभवावर तिने १९५८ साली ग्रंथ लिहिला. क्रेमरचा भर बोलण्यावर नव्हता. मुलाच्या मनातील राग, भय, वासना यांचे रूपांतर एका सुघड वस्तूत झाले, की त्या घडण्यातच उपचार होतो, असे तिचे मत. यालाच मानसशास्त्रात उदात्तीकरण म्हणतात. म्हणून चित्र चांगले व्हावे, यासाठी उपचारकाने मदत केली पाहिजे. तडकू पाहणारे मातीचे भांडे सावरणारा, हवा तो रंग कालवून देणारा, पण मुलाच्या चित्रात आपली रेघ न घुसविणारा हात — त्यास तिने पुढे ‘तिसरा हात’ असे नाव दिले.

नाउमबर्ग म्हणे, चित्र काढून झाले की बोला. क्रेमर म्हणे, चित्रच नीट काढू द्या. हा वाद वाचताना आम्हांस आमच्या आत्याची आठवण झाली. १९६८–६९ चा सुमार असेल. आत्या एका मनोरुग्णालयातून परत आली होती व मागल्या पडवीत राहत असे. ती गेरूच्या खड्याने पडवीच्या भिंतीवर रोज एकच आकृती काढी. ती आकृती कशाची होती हे आम्हांस आठवते, पण येथे सांगणार नाही. कारण पुढे येईल. घरात लग्नाची बोलणी चालत, पाहुणे येत. म्हणून दर आठ-पंधरा दिवसांनी त्या भिंतीवर चुन्याचा हात फिरे. चुन्याची बादली धरावयास आम्ही असू. नाउमबर्ग असती तर आत्याशेजारी बसून “हे काय आहे?” असे विचारती, क्रेमर असती तर भिंतीऐवजी कागद आणि गेरूऐवजी चार रंग देती. आमच्या घरात एवढी सगळी शहाणी माणसे होती, पण यांपैकी एकही गोष्ट कोणास सुचली नाही. दुष्टपणा नव्हता, हे आम्ही आजही म्हणू. ज्या इंदुरात देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली बेंद्रे आणि हुसेन तयार झाले, तेथील घरांना चित्र म्हणजे काय हे ठाऊक नव्हते असेही नाही. पण चित्र आणि आजार यांची गाठ कोठे पडते, हे सांगणारे माणूस आम्हांस कधी भेटले नाही.

असे माणूस तयार करणारा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम १९६७ साली फिलाडेल्फियातील हानेमान वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. हानेमान हे नाव ऐकून होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या आठवतील. ते बरोबरच आहे. १८४८ साली ही संस्था होमिओपॅथीचे महाविद्यालय म्हणूनच निघाली होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोळ्या गेल्या आणि नाव तेवढे राहिले. तेथील मनोरुग्ण विभागात मायरा लेविक ही चित्रकर्ती १९६३ पासून काम करीत होती. विभागातील डॉ. मॉरिस गोल्डमन यांच्या पाठबळाने तिने हा अभ्यासक्रम उभा केला. १९६९ साली लुइव्हिल येथे अमेरिकन आर्ट थेरपी असोसिएशन स्थापन झाली, तिची पहिली अध्यक्षाही लेविकच. पुढे हानेमान महाविद्यालय ड्रेक्सेल विद्यापीठात विलीन झाले आणि जुने रुग्णालय २०१९ साली बंद पडले. पण तो अभ्यासक्रम ड्रेक्सेलमध्ये चालू राहिला, आणि त्याच्या नावात ‘कौन्सेलिंग’ची भर पडली.

ही भर का पडली? आमच्या पुतण्याच्या पाटीचा प्रश्न नेमका हाच होता. अमेरिकेत व्यवसायाचे परवाने प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. कलोपचारकांना स्वतंत्र परवाना देणारे पहिले राज्य न्यू मेक्सिको, तेही १९९३ साली. बहुसंख्य राज्यांत असा परवानाच नव्हता, आणि परवाना नाही तर विमा कंपन्यांकडून मोबदला नाही. समुपदेशकाचा परवाना मात्र सर्वत्र मिळू लागला होता. म्हणून विद्यापीठांनी दोन्ही विषय एकत्र केले. साठ क्रेडिटांचा, दोन ते तीन वर्षांचा अभ्यास आखला आणि विद्यार्थ्यास समुपदेशक म्हणून पोटाची सोय करून दिली. या तडजोडीत चित्र मागे पडेल, अशी भीती जुन्या मंडळींना वाटली. ती अगदीच निराधार नव्हती, असे आमचे मत आहे. जोडनावात दुसरा शब्दच पगार आणीत असेल, तर पहिला हळूहळू शोभेचा होतो. कचेऱ्यांत आम्ही हे पाहिले आहे.

अर्हतेला आणखीही एक बाजू असते. ती दार उघडते, तशी बंदही करते. क्लिफ जोसेफ (१९२२–२०२०) हा पनामात जन्मलेला कृष्णवर्णीय चित्रकार ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये हा विषय शिकवी. मनोरुग्णांनी मिळून रंगविलेल्या भित्तिचित्रांवर त्याने एका मनोविकारतज्ज्ञासह १९७३ साली पुस्तक लिहिले. पुढच्याच वर्षी संघटनेच्या अधिवेशनात त्याने ‘आर्ट थेरपी आणि तिसरे जग’ या विषयावर परिसंवाद घडवून आणला. उपचार घेणाऱ्यांत गरीब व कृष्णवर्णीय पुष्कळ, पण उपचार शिकणाऱ्या वर्गात ते दिसत नाहीत. मग रुग्णाचे चित्र कोणाच्या नजरेने वाचले जाणार, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता.

अभ्यासक्रमाची यादी येथे देत नाही. पण आम्हांस जे विशेष वाटले ते सांगतो. प्रवेशासाठीच अठरा क्रेडिट चित्रकलेची आणि बारा मानसशास्त्राची, अशी अट संघटनेच्या निकषांत दीर्घकाळ राहिली. म्हणजे ज्याला स्वतः चित्र काढता येत नाही त्याला प्रवेश नाही. शिक्षणकाळात किमान ७०० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष कामावर जावे लागते. झाडावरून सफरचंद तोडणारा माणूस रुग्णाकडून काढवून घेण्याची एक रीत शिकवितात. चित्रात काय आहे यापेक्षा रंग किती भरला, जागा किती वापरली, फळ हाती लागते की नाही, हे पाहावयाचे असते. आणि एका चिन्हावरून निदान करू नये, हे बजावून सांगितलेले असते. काळा रंग दिसला की ‘निराशा’ असा शेरा मारणारे हौशी जाणकार आपल्याकडे थोडे नाहीत. त्यांच्यासाठी एवढे एक वाक्य पुरे होते. चित्राची मालकी रुग्णाची, ते त्याच्या प्रकृतीच्या कागदपत्रांइतकेच खाजगी, लेखी अनुमतीवाचून ते कोणास दाखवू नये, हा नियमही तेथेच शिकवितात.

आपल्याकडे २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात कला व नृत्य यांद्वारे उपचार करणाऱ्यांचा उल्लेख आला आहे. परिशिष्टातील उल्लेख आणि प्रत्यक्ष पद यांत किती वर्षे जातात, हे ज्यांनी शासनात काढली त्यांना सांगावयास नको. तरीही पुतण्यास आम्ही अभिप्राय दिला तो अनुकूल. पाटीवर काय लिहावयाचे ते परत येईपर्यंत ठरेल, असे त्यात नमूद केले. खर्चाच्या रकान्यापाशी तो अजून थांबला आहे.

मुलगी मात्र कामाला लागली. प्रवेशअर्जासोबत चित्रे आणि एक निबंध द्यावयाचा असतो. पडवीतील जुने कपाट हलविले तेव्हा मागे, जेथे चुन्याचा हात पोहोचत नसे तेथे, आत्याच्या गेरूची एक आकृती शाबूत निघाली. मुलीने तिचे छायाचित्र घेतले व “आजोबा, हे अर्जासोबत जोडू का?” असे विचारले. आम्ही म्हणालो, “तुझ्याच माहितीपुस्तकात काय लिहिलंय? अनुमती कोणाची घेणार? आत्या तर १९८१ सालीच गेली.” ती थोडा वेळ गप्प राहिली, मग तिने ते छायाचित्र पुसून टाकले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, चित्राविषयी नाही लिहीत, पण चुन्याविषयी लिहू का? त्याची अनुमती देणारे घरात अजून आहेत. आम्ही ती दिली. जुन्या सवयीप्रमाणे लेखी, खाली सही व दिनांक घालून.