साक्ष

मराठी ख्रिस्ती मंडळींत आपल्या श्रद्धेचा अनुभव इतरांपुढे मांडण्याला ‘साक्ष देणे’ म्हणतात. पाणिनीने ‘साक्षात्’ या अव्ययापासून ‘साक्षी’ हे रूप ‘स्वतः पाहणारा’ या अर्थी सिद्ध केले असून त्या अव्ययाच्या पोटात ‘अक्ष’, म्हणजे डोळा, आहे. नव्या करारातील ग्रीक ‘मार्तिस’ हाही मुळात न्यायसभेतला साक्षीदारच. श्रद्धेपायी प्राण देणारा हुतात्मा हा अर्थ त्याला पुढे जडला. साक्ष देताना जीभ अडखळते ती बहुधा साक्षीदार आणि वकील यांची गल्लत झाल्यामुळे, कारण सर्व आक्षेपांना उत्तर देण्याचे ओझे साक्षीदारावर नसतेच.

योहानाच्या शुभवर्तमानातील नववा अध्याय या दृष्टीने फार मोलाचा आहे. येशूकडून दृष्टी लाभलेल्या जन्मांधाला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथाचे लोक, येशू पापी आहे असे बजावतात, तेव्हा तो त्या वादात न शिरता आपण आंधळे होतो आणि आता आपल्याला दिसते एवढेच सांगतो. त्याचे आईबाप मात्र सभास्थानातून, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहातून, बहिष्कृत होण्याच्या धास्तीने, मुलगा वयात आला आहे, त्यालाच विचारा, असे म्हणून अंग काढून घेतात. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी यांनाही 1854 मध्ये बाप्तिस्मा घेण्यापूर्वी आप्तांच्या आणि जातीच्या अशाच धास्तीशी झुंजावे लागले, आणि ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी ती घालमेल झाकून ठेवली नाही.