नाळेचं कासव

अमेरिकेतल्या शायेन लोकांचं जुनं मणीकाम बघायला लागलं की एक वस्तू हमखास भेटते. तळहातात मावणारी, कासवाच्या किंवा सरड्याच्या आकाराची चामड्याची पुरचुंडी, वर काचेचे मणी गच्च शिवलेले. आत काय असायचं माहितीये? बाळाची वाळलेली नाळ! ती जपली तर बाळाला आयुष्य लाभतं, ही श्रद्धा.

मणी आले व्हेनिस आणि बोहेमियातून, व्यापाऱ्यांमार्फत. त्याआधी साळिंदराचे काटे रंगवून नक्षी करायचे. ही कला शिकवणारी बायकांची चक्क एक संस्था होती, आणि तिचे नियम पवित्र मानले जायचे. लढवय्ये जसे आपले पराक्रम चारचौघांत सांगत, तशा या बायका आपण सजवलेली कातडी मोजून सांगत. आणि काम चुकलं तर? एखाद्या शूर योद्ध्याला बोलवायचं, त्याने आपला पराक्रम सांगायचा आणि मगच चुकलेली नक्षी कापायची. बग काढायला इतका मान आमच्या ऑफिसात कुणाला मिळत नाही :)

मुलगी वयात आली की वडील ते लपवत नसत, सगळ्या वस्तीला सांगत. ऐपत असेल तर घोडा दान देत. मुलीला न्हाऊ घालून म्हाताऱ्या बायका तिचं अंग लाल रंगवत. निखाऱ्यावर सुगंधी गवत टाकून ती त्याची धुरी घेई आणि मग चार दिवस आजीबरोबर वेगळ्या छोट्या तंबूत राहायला जाई. हे सगळं जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांच्या १९२३ सालच्या पुस्तकात आहे.

मग या वस्तू काचेच्या कपाटात पोचल्या कशा? काही विकल्या गेल्या, काही भेट मिळाल्या. पण २९ नोव्हेंबर १८६४ ला सँड क्रीकला सैनिकांनी शायेन आणि अरापाहो लोकांच्या वस्तीवर हल्ला केला, सुमारे २३० माणसं मारली, त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे होते. नंतर वस्ती लुटली. तशी लूटही संग्रहांत गेली.

१९९० च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या म्युझियमांना पवित्र वस्तू परत मागण्याचा हक्क जमातींना मिळाला. २०२४ मध्ये नियम कडक झाले, तेव्हा न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने दोन अख्खी दालनं बंद केली. खासगी संग्राहकाच्या कपाटाला मात्र तो कायदा सहसा लागू होत नाही.

नक्षी सुंदर आहे, वादच नाही. पण कुणाची तरी नाळ 'अँटिक' कशी होते, हे काही केल्या पटत नाही.